तुराटीचा दौरा, वरच्या पट्टीतला

वाशीम जिल्ह्यात चार दिवस राहून आले असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी बघायला गेलेच नव्हते. माझा धंदा ऐकण्याचा. तीस वर्षं मी माहितीपटांसाठी आवाज मुद्रित करते आहे. लोक कॅमेऱ्यापुढे, दिग्दर्शक कॅमेऱ्यामागे आणि मी कुठेतरी कडेला, काठीच्या टोकाला माइक बांधून, कानाला हेडफोन लावून उभी. हेडफोन चढले की समोरच्याचं सुखदुःख मला लागत नाही, त्याच्या शर्टाच्या बटणाची खरखर तेवढी लागते. याला कुणी कोरडेपणा म्हणतं. म्हणू देत बापडे.

या वेळचं काम होतं एका रॉक बँडचं. बँडचं नाव 'तुराटी'. तुरीच्या शेंगा काढून घेतल्यावर जे वाळकं खोड उरतं, ज्याचा कूड घालतात नाहीतर चूल पेटवतात, ती तुराटी. पंचवीसेक वर्षांपूर्वी इकडच्या तीन पोरांनी हा बँड काढला, एक कॅसेट केली, आणि ती कॅसेट जीपवाल्यांनी, ट्रॅक्टरवाल्यांनी घासून घासून गावोगाव पोचवली. मग एकाला नोकरी लागली, एकाचं लग्न झालं, एकाने वेल्डिंगचं दुकान टाकलं आणि बँड आपोआप थांबला. भांडण नाही, मारामारी नाही. आमची दिग्दर्शक ओवी, वय बत्तीस, हिची त्यामुळे फार निराशा झाली होती. आता पन्नाशीत तिघं पुन्हा एकत्र येऊन दौरा करणार होते. दौरा म्हणजे अमरावती, कारंजा आणि वाशीम, एवढाच. अमरावतीचा कार्यक्रम माझ्या तापाने हुकला. पुढच्या दोहोंसाठी मी निघाले.

कारंजा

मूर्तिजापूरला रेल्वेतून उतरून एसटी धरली. शेजारच्या बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत माझं वय, पगार, मुलं किती आणि नवरा काय करतो, सगळं काढून घेतलं. माझ्या शेजारच्या फ्लॅटमधल्या माणसाला वीस वर्षांत यातलं काही कळलेलं नाही. माझ्या माइकला वारा लागू नये म्हणून केसाळ टोपडं असतं. त्यावरून हात फिरवून त्यांनी हे कोणत्या जनावराचं, असं विचारलं. नायलॉनचं म्हटल्यावर त्यांचा मोठाच विरस झाला. तरी उतरताना पिशवीतून ओंजळभर ओल्या तुरीच्या शेंगा काढून माझ्या ओढणीत ओतल्या आणि मागे न बघता गेल्या.

कारंजा म्हणजे कापूस. जानेवारीत तर विचारूच नका. कापसाने फुगलेले टेम्पो बाजाराकडे चाललेले, विजेच्या तारांवर, बाभळीवर, जैन मंदिराच्या जाळीवर पांढरे पुंजके अडकलेले. माझ्या माइकच्या टोपड्यात जे पुंजके शिरले ते पुण्याला येऊनही निघाले नाहीत. सरावाची जागा एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात होती. तिथे तिघं भेटले.

गिटारवाला रियाज. लोखंडी फाटकं आणि ग्रिल बनवतो, तोंडाने तिखट. आपली पहिली इलेक्ट्रिक गिटार त्याने सागवानी फळी कापून स्वतः केली होती, आणि ती चांगली वाजायची असा त्याचा आजही दावा आहे. ड्रमवाला विलास. सोयाबीन-तुरीची शेती, दणकट गडी, पण दोन्ही मनगटांना मलम चोपडलेलं, आणि त्या मलमाचा वास सबंध गोदामात. तिसरा गौतम, गाणारा. किडकिडीत, चष्मेवाला, वाशीमच्या एका शाळेत प्रयोगशाळेत परिचर. परीक्षानळ्या धुणं, ॲसिड जपणं, बेडकांच्या बरण्या पुसणं. बोलणं अगदी हळू आणि आवाज खोल, रहाटाने विहिरीत बादली सोडावी तसा. मी आवाजाची लेव्हल बघायला त्याला जेवलात का, असं विचारलं आणि त्या एका 'हाव'वर, म्हणजे होकारावर, माझ्या यंत्राची सुई भलतीकडे गेली.

कॅसेटवरचा गौतम मात्र वेगळाच होता. त्यांनी फोनवर लावली तेव्हा मी प्रथमच ऐकली. पातळ, धारदार, टिपेला चढलेला आवाज. शेवटचं गाणं तर सुसाटच. त्या गाण्यावरच सगळी कीर्ती उभी आहे. गाण्याचं नाव 'डीपी जळली'. गावाची डीपी, म्हणजे विजेचं रोहित्र, जळलं की आठ-आठ दिवस अंधार, ते हे दुःख. "डीपी जळली रे, रात आमची लांबली," असं म्हणत तो जो वर जातो, तिथे आजही इकडची माणसं डोळे मिटून हात वर करतात.

सरावाची त्यांची रीत अशी: फोनवर कॅसेट लावायची आणि तिच्याशी जुळवायचं. सुरात तसंच, वेगातही तसंच. रियाज तारा ताणून ताणून त्या सुराला न्यायचा. एका दुपारी दोन तुटल्या. पूर्वीच्या तारा मजबूत होत्या, असं त्याने सांगितलं. विलासचा हात तिसऱ्या गाण्याला भरून यायचा. पूर्वी अंगात रग होती, असं तो म्हणाला. आणि गौतम वरच्या जागेपाशी आला की मान ताणून, डोळे गच्च मिटून, पायाच्या बोटांवर उभा राहायचा. त्याने काहीच सांगितलं नाही.

कारंजा, दुसरा दिवस

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. सहाला खुर्च्या आल्या, साडेसहाला माणसं, आणि सातला सत्कार सुरू झाले. पुण्यात दोन माणसांना गुच्छ देऊन मोकळे होतात. इथे मी एकोणीस शाली मोजल्या. मंडप घालणाऱ्याला शाल, वीज जोडून देणाऱ्याला शाल, एक शाल मलाही. मी काठी हातात धरून उभी होते म्हणून ती काठीसकट माझ्याभोवती गुंडाळली गेली. एकाही माणसाला घाई नव्हती. ज्याचं नाव राहील तो आयुष्यभर लक्षात ठेवील, असं रियाजने मला समजावलं.

गाणी सुरू झाली ती बरी झाली. तिसऱ्या गाण्यापर्यंत लोक जाग्यावर हलायला लागले होते. शेवटी 'डीपी जळली'. पहिल्या ठोक्यालाच शिट्या. गौतम वर गेला, आणखी वर गेला, आणि 'लांबली'वर त्याचा आवाज फाटला. थोडासा नव्हे, जुनं धोतर फाटावं तसा टरकन. लोकांनी ओढून नेलं म्हणा. सगळ्यांना गाणं पाठ, त्यांनी ती ओळ मोठ्याने म्हणून टाकली. पण हेडफोनमध्ये मला लोक नव्हते, नुसता गौतम होता. फाटल्यावर त्याने एक श्वास घेतला आणि पुढची सगळी कडवी माइकपासून तोंड लांब धरून म्हटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रियाजच्या दुकानात तर्री-पोहे खात बसलो होतो. तर्रीने माझ्या नाकातून पाणी, आणि ओवी कॅमेऱ्याच्या कोनाबद्दल काहीतरी बोलत होती. तेवढ्यात गौतम म्हणाला, "वाशीमले मी गात नाही. कॅसेट लावा. मी तोंड हलवतो."

विलासने चमचा खाली ठेवला. "लोकांले फसवायचं?"

"फसवनं कायचं त्यात? त्याईले तो आवाज पाह्यजे. माह्यापाशी तो राह्यला नाही."

वाशीम म्हणजे त्याचं रोजचं गाव. त्याची शाळा, शिक्षक, मुलं, बायको, सासुरवाडी, सगळे समोर बसणार. पंचवीस वर्षं तो नळ्या धुताना ही माणसं येता-जाता त्याला 'डीपी जळली' गुणगुणून दाखवत आलेली. तिथे आवाज फाटला तर शाळेत तोंड कसं दाखवू, एवढंच त्याचं म्हणणं. विलासने साफ सांगितलं की कॅसेट लागली तर मी खोटे ठोके देणार नाही, उठून जाईन. रियाज म्हणाला, लोकांना कॅसेटच हवी आहे तर कायले एवढा बाऊ. म्हणजे एकीकडे वाशीमचा कार्यक्रम, एकीकडे पंचवीस वर्षांची दोस्ती, आणि मधे हा किडकिडीत माणूस, ज्याला फक्त आपली लाज झाकायची होती.

ओवीचे डोळे लकाकले. तिला शेवट मिळाला होता. म्हातारा होत चाललेला गायक आपल्याच तरुण आवाजापुढे तोंड हलवतो आहे! मी पोहे संपवले. आपल्याला काय करायचंय, असं मनात म्हणाले.

पोहरादेवीच्या अलीकडे

तो मधला दिवस मोकळा होता. गौतमच्या गावी जाऊन त्याचं जुनं घर, विहार, शाळा असं चित्रण करायचं ठरलं. गाव मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या अलीकडे. ओवी म्हणाली आधी पोहरादेवीला जाऊन येऊ, तिला गर्दी हवी होती. जत्रेला तिथे मुंगीला वाट मिळत नाही म्हणतात, पण आम्ही गेलो त्या दिवशी गर्दी म्हणजे आम्हीच. दुकानदार उन्हात मोबाइल बघत बसलेले. मी नुसते आवाज घेत उभी राहिले: देवळाची घंटा, दूरचा ट्रॅक्टर, कवड्यांची झालर लावलेली ओढणी सावरत जाणाऱ्या बंजारा आजीच्या बांगड्या. आजी थांबल्या. माझ्या कानावरचे हेडफोन त्यांनी खुणेने मागितले, लावले, बराच वेळ ऐकलं, आणि परत देत म्हणाल्या की हे तर त्यांना रोज असंच ऐकू येतं, एवढ्या यंत्राची काय गरज. मी हेडफोन परत कानावर चढवले.

गावात गौतमची थोरली बहीण, सुमनताई, एकटी राहते. साठीची, ठेंगणी, पांढरी साडी, बोलणं सडेतोड. आम्ही सहा माणसं येणार हे तिला अर्धा तास आधी कळलं होतं आणि तरी चुलीवर सोले-वांग्याची भाजी रटरटत होती. सोले म्हणजे ओल्या तुरीचे दाणे. ती भाजी, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे पाहुण्याला 'आणखी घ्या' असं तीनदा म्हणायची पद्धत आहे. सुमनताई म्हणत नाही, वाढतेच. हाताने ताट झाकलं तर हात बाजूला करून वाढते. प्रकाश, आमचा कॅमेरावाला, उजेडाखेरीज कशाबद्दल बोलत नाही. तोही "भाजी छान" म्हणाला.

जेवणानंतर मी विहारात गेले. सुमनताई तिथल्या महिला मंडळाला गाणी शिकवते. दुपारची वेळ, आठ-दहा बाया धान्याची कामं उरकून बसलेल्या आणि सुमनताई पेटी वाजवत होती. पेटी जुनी, भात्याला ठिकठिकाणी चिकटपट्ट्या. मी सवयीने माइक लावला. आणि पहिल्या पाच मिनिटांत माझे कान उभे राहिले. एक पट्टी दाबली की त्या पेटीतून सुराबरोबर एक बारीक शिट्टी निघत होती. ही शिट्टी मी ऐकलेली होती. कुठे? कॅसेटवर, 'डीपी जळली'मध्ये. गौतम वर जातो त्याच्या मागे बारीक शिट्टीवाली पेटी आहे, आणि ती कुणाची हे मी कुणाला विचारलंही नव्हतं.

विचारलं. सुमनताई म्हणाली, हीच पेटी, मीच वाजवली होती. कॅसेटवर नाव नाही आलं, पोरांच्या बँडमधे बाईचं नाव कायले, असं त्यांना वाटलं असेल. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मी पुढचा प्रश्न विसरले.

शिट्टी निघत होती ती पट्टी म्हणजे काळी दोन. मी फोनवर कॅसेट लावली. तिथे शिट्टी निघते तो सूर पांढरी चार. चांगल्या दोन पट्ट्या वर. आता गायकाचा गळा चढेल, गिटारची तार चढेल, पण पेटीच्या आतली पितळेची जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही. मी विचारलं, पेटी कधी दुरुस्तीला दिली होती का, सूर बदलून घेतले होते का. ती म्हणाली, इथून अमरावतीला कोण नेणार, आणि भाता तर तीच चिकटपट्टीने सांधते.

मग कॅसेट कशी भरली, ते विचारलं. त्या दिवशी गावाची डीपी खरोखरच जळलेली होती. गिटारचा आवाज मोठा करायला भोंग्याचा ॲम्प्लिफायर आणला आणि तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवला. टेपरेकॉर्डर मात्र सेलवर चालला.

"सेल नवे होते?" मी विचारलं.

"नवे कुठले वं माय! रेडिओतले काढले अन् दोन दिवस टिनावर उन्हात वाळू घातले. मीच घातले होते."

ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मरत आलेले सेल टिनावर, म्हणजे छपराच्या पत्र्यावर, उन्हात ठेवले की थोडा वेळ जीव धरतात, हे तेव्हा घरोघर करत. पण असले सेल घातलेला टेप हळू फिरतो. हळू फिरत असताना जे भरलं ते पुढे चांगल्या मशीनवर लावलं की भरभर पळतं आणि सूर वर चढतो. मूळ कॅसेट कारंज्याच्या दुकानात विजेच्या मशीनवर चढली, तिच्या प्रती निघाल्या, आणि तिथूनच हा धारदार, टिपेचा गौतम जन्माला आला. सेल जसजसे मरत गेले तसतशी गाणी आणखी चढत गेली. म्हणून शेवटचं 'डीपी जळली' सगळ्यात वर. लोक म्हणत, शेवटी शेवटी पोरं तापली. पोरं कसली तापतात, सेल निवले होते!

म्हणजे गौतम त्या पट्टीत कधी गायलाच नव्हता. विलासने त्या वेगाने कधी वाजवलं नव्हतं. पंचवीस वर्षांनंतर तिघंही न झालेल्या गोष्टीच्या मागे धावून दमत होते आणि वयाला दोष देत होते. विलास तर दवाखान्यात जाऊन आला होता.

मी ओवीला बाहेर बोलावून सांगितलं. ती हुशार मुलगी, दोन वाक्यांत समजली, आणि तिसऱ्या वाक्यात म्हणाली की हे त्याला वाशीमनंतर सांगू. आधी तोंड हलवतानाचं चित्रण होऊ दे, मग सत्य. सिनेमा कुठल्या कुठे जाईल. तिचं म्हणणं धंद्याच्या हिशोबाने बरोबर होतं. आपण घडतं ते टिपायचं, घडवायचं नाही, हा धडा मीच तिला दहा वर्षांपूर्वी दिला होता. तीस वर्षांत मी कुणाच्या मधे पडलेले नाही. एकदा एका लग्नाच्या चित्रणात नवरदेवाचा बाप दाराआड काय बोलला ते मला हेडफोनमधून ऐकू आलं होतं, तेव्हाही मी गप्प बसले, आणि ती नवरी मुलगी पुढे वर्षभरात माहेरी आली. ते मला अजून टोचतं. मी ओवीला म्हटलं, चिडायचं तर चीड, मी सांगणार. ती चिडली. चांगली तासभर चिडली, पण कॅमेरा मात्र विहारात लावून घेतला.

तिघांना पेटीपुढे बसवलं. मी काही समजावलं नाही. लॅपटॉपवर कॅसेट दोन पट्ट्या खाली आणली, सुमनताईला काळी दोन धरायला सांगितलं आणि गाणं लावलं. पेटी आणि कॅसेट एकमेकींत अशा मिसळल्या की शिट्टीही एकच झाली. आणि त्यावर एक आवाज आला. जाड, सावकाश, खोल. विहिरीतून वर येणारा. गौतमचाच, परवाच्या 'हाव'चा.

गाणं संपलं. मग मी सेलची गोष्ट सांगितली. विलास आपल्या मनगटाकडे बघत म्हणाला, म्हणजे याले काई झालंच नाही? आणि हसत सुटला. रियाज हसला नाही. तो म्हणाला की ही गोष्ट या चार भिंतींत राहू द्या, लोकांनी त्या कॅसेटवर जीव टाकला आहे. त्याचा चेहरा कुणी पाकीट मारल्यासारखा झाला होता.

गौतमने चष्मा काढून पुसला. मला वाटलं होतं हा सुटेल, आनंदेल. निदान मला धन्यवाद देईल. आम्हा पुणेकरांची अपेक्षा. तो म्हणाला, "म्हंजे तो मी नवतोच."

"तुम्हीच होता. फक्त—"

"नाही ताई. पंधरा वर्स झाली, रोज सकाळी लॅबमंदी दार लावून मी त्या आवाजाले धुंडून राह्यलो. कोनाचा होता मंग तो? टिनावरच्या सेलचा?"

सुमनताईने पेटीचा भाता बंद केला आणि सांगितलं की ती कॅसेट तिला कधीच आवडली नव्हती, कारण तिच्यात तिचा भाऊ कोकलतो आणि घरी तो तसा कोकलत नसे. तेव्हा का नाही सांगितलं, असं रियाजने विचारलं. "मले कोनं इचारलं?" ती म्हणाली.

गौतम उठून बाहेर गेला तो पारावर बसून राहिला. वाशीमला गाणार की तोंड हलवणार, ते गाडीत बसेपर्यंत ठरलंच नव्हतं. मला पहिल्यांदाच वाटलं की आपण गप्प बसलो असतो तर बरं. माणसाची लाज झाकायला गेले आणि त्याचा अभिमानच काढून घेतला. त्या रात्री मी वाशीमच्या लॉजवर नीट झोपले नाही. त्यात डासही होते.

वाशीम

वाशीम जिल्ह्याचं गाव. कचेऱ्या, कोर्ट, वकिलांच्या मोटारसायकली, ऑटोवाल्यांची हाकाटी. सकाळी आलुबोंडा खाल्ला. दिसायला आमचा बटाटेवडाच, पण रश्श्यात बुडवून देतात आणि वर विचारतात तिखट चालतं का. विचारायचं ते बुडवल्यावर. माझी शाल लॉजवर विसरली म्हणून ऑटोने परत गेले, तर लॉजवाल्याने ती काउंटरवरच्या गणपतीला पांघरली होती. मी म्हटलं राहू दे.

दिवसभर गौतम भेटला नाही. ओवीने दोन्ही तयारी ठेवली. मंचामागे एका लॅपटॉपवर कॅसेट जशीच्या तशी तयार, बटण दाबायचा अवकाश. रियाजने गिटार जुन्याच, चढ्या सुरात लावलेली. विलास ड्रमवर बसला, पण चप्पल पायातच, म्हणजे उठून जायची तयारी. बाराच शाली झाल्या, जिल्ह्याच्या गावाला लोकांना वेळ कमी असावा. पहिल्या तीन रांगा गौतमच्या शाळेच्या. मधोमध सुमनताई, आणि पेटी तिच्या मांडीवर, तान्हं मूल धरावं तशी. ती का आणली हे मला तिने सांगितलं नाही.

गौतम आला तो शाळेचाच खाकी शर्ट घालून. चार गाणी तो गायला, पण हातचं राखून, वर जायच्या जागा गाळत. माझ्या हेडफोनमध्ये त्याचा श्वास लहान-लहान येत होता. मग 'डीपी जळली'ची वेळ झाली. समोर शिट्या सुरू. मंचामागचा माणूस बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे बघत होता.

गौतमने त्याला हाताने थांबवलं. मग रियाजकडे वळून, माइक छातीशी धरून हळू म्हणाला, "दोन खाली घे." रियाज हलला नाही. मग मान खाली घालून एकेक खुंटी सैल करायला लागला. शिट्या थांबल्या. भर मंचावर तीन-चार मिनिटं नुसत्या तारा उतरत होत्या आणि लोक कुजबुजत होते. गौतम खाली उतरून सुमनताईला हाताला धरून वर घेऊन आला. तिच्यासाठी खुर्ची पुरेशी बुटकी नव्हती, म्हणून ती सरळ मंचावर मांडी घालून बसली. विलासने चप्पल काढून मागे भिरकावली आणि काठ्यांनी चार ठोके दिले. सावकाश.

गाणं तसं हळूच निघालं. लोकांना ते ओळखायलाच एक कडवं लागलं. ठेका संथ, चालत्या बैलजोडीचा. आणि त्यावर तो आवाज, कुठेही न ताणलेला. "रात आमची लांबली" म्हणताना तो पायाच्या बोटांवर उभा राहिला नाही. दोन्ही टाचा जमिनीवर. आणि मी तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत असताना रडले. लेव्हल बघायची राहिली, ते मुद्रण दोन ठिकाणी बिघडलं आहे. ओवीने नंतर विचारलं तेव्हा मी तांत्रिक कारण सांगितलं.

गाणं संपलं. टाळ्या पडल्या, पण कारंज्यासारख्या नव्हेत. लोक जरा गोंधळले होते. हात वर करायची जागा आली तेव्हा निम्म्यांनी केला, निम्मे वाट बघत राहिले. हा कायापालट वगैरे झाला, असं मी लिहिणार नाही. शाळेचे मुख्याध्यापक उठून गेले, त्यांना दुसरा कार्यक्रम होता.

मंच आवरताना गौतमच्या शर्टाला लावलेला छोटा माइक काढायचा राहिला होता, म्हणून मला अजून सगळं ऐकू येत होतं. चाळिशीचा एक माणूस त्याच्यापाशी आला. पिशवीतून त्याने जुनी कॅसेट काढली, तिच्यावर सही घेतली. मग घुटमळला. म्हणाला, "भाऊ, राग नका मानू. पन कॅसेटमंदी तुमी लय वर जात होते. तवाचा गौतम येगळाच होता."

आता हा सांगणार, सेल, टीन, ऊन, सगळं. रियाजही तारा गुंडाळायचा थांबला.

"हाव," गौतम म्हणाला. "तो लय भारी होता. मले त्याच्यासारखं कधीच गाता नाही आलं."

त्या माणसाला बिचाऱ्याला वाईट वाटलं. त्याने गौतमच्या खांद्यावर हात ठेवला, तो माझ्या कानात धपकन वाजला.

"जाऊ द्या भाऊ," तो म्हणाला. "मेहनत करा. जमन."